ठमीच्या हातावर दही

आमच्या मजल्यावरून कुणी कुठे निघालं, की लतिकाचं दार उघडायचं आणि ती हातात वाटी घेऊन उभी राहायची. वाटीत दही, दह्यात साखर. मुलांची परीक्षा असो, नव्या नोकरीचा इंटरव्ह्यू असो, सुट्टीवर भारतात जाणं असो, "हात पुढे कर" म्हणून ती चमचाभर दही तळहातावर घालायची आणि ते चाटून संपेपर्यंत लिफ्टचं बटण दाबू द्यायची नाही. मी ड्रायव्हिंग टेस्टला जितक्या वेळा नापास झाले, तितक्या वेळा तिचं दही खाऊनच गेले होते. एकदा वैतागून म्हटलं, "तुझ्या दह्यात काही दम नाही बाई." तर म्हणाली, "दही नसतं तर तू गाडी खांबावर घातली असतीस."

तिला चिडवणं सोपं होतं, तिच्यावर रागावणं अवघड. लग्नानंतर पहिल्यांदा इकडे आली तेव्हा तिनं आईच्या घरचं विरजण स्टीलच्या डबीत घालून विमानातून आणलं होतं. तेच ती वर्षानुवर्षं चालवत होती. इथल्या दुकानातलं डब्यातलं दही ती कढीला वापरायची, हातावर घालायला नाही.

हे सगळं शारजातल्या अल नहदाचं, नव्वदीच्या दशकातलं. आमच्या इमारतीसमोर तेव्हा नुसती वाळू होती आणि वाळूपलीकडे दुबई. मी आणि माझा नवरा विजयकुमार, दोघंही दुबईपलीकडे जबल अलीला नोकरीला. समोरच्या फ्लॅटमध्ये लतिका, तिची मुलगी दिया आणि नवरा उल्हास. उल्हास शहरातल्या एका जुन्या झूमध्ये जनावरांचा डॉक्टर होता. झूचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते शोधत बसायचं काही कारण नाही.

उल्हास म्हणजे तोंडातून शब्द काढायला चिमटा लागेल असा माणूस. जेवायला बोलावलं तर जेवायचा, छान झालंय म्हणायचा, आणि विजयकुमारच्या राजकारणावरच्या गप्पा मान हलवत ऐकून घ्यायचा. पण झूबद्दल विचारलं की बोलायचा. थंडी आली की झूला जाग येते, हे त्यानंच आम्हाला सांगितलं. उन्हाळाभर तिथे चिटपाखरू फिरकायचं नाही, जनावरं पाण्याच्या फवाऱ्याखाली पडून असायची. नोव्हेंबर लागला की वेळ वाढवायचे, शुक्रवारी संध्याकाळी फाटकाबाहेर रांग लागायची, आणि लोकांना पिल्लं बघायची असायची. पिल्लं झाली की झू भरायचं. पण झू लहान, पिंजरे जुने. मग उन्हाळ्याच्या आत जादा पिल्लांचे ट्रान्सफर व्हायचे.

"ट्रान्सफर कुठे होतात?" मी एकदा विचारलं.

"काही चांगल्या ठिकाणी होतात," तो म्हणाला आणि ताटात बघायला लागला. मला तेव्हाच त्या 'काही'चा राग आला होता.

शहाण्णवच्या डिसेंबरात झूमधल्या चिंपांझीणीला पिल्लू झालं. तिनं ते खाली ठेवलं आणि पाठ फिरवली. उल्हासनं दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघितली. मग पिल्लू टॉवेलमध्ये गुंडाळून घरी आणलं. झूमध्ये तेव्हा लहान पिल्लं सांभाळायची धड सोय नव्हती. मी बघायला गेले तर लतिका सोफ्यावर बसली होती, पदराखाली ते काळं, सुरकुतलेलं तोंड, आणि तिचा चेहरा असा की मी काहीतरी चेष्टा करणार होते ती गिळली.

पुढचे काही महिने त्या घरात बाळंतपण होतं, दुसरा शब्द नाही. बाटल्या उकळणं, रात्रीचं जागरण, खोबरेल लावून पाठ चोळणं. लतिकानं बाराव्या दिवशी शेजारच्या बायकांना बोलावून घुगऱ्या वाटल्या आणि पिल्लाचं नाव ठमी ठेवलं. झूच्या पाटीवर नंतर 'नूर' लिहिलं गेलं, पण नूर म्हटलं की ती ढिम्म हलायची नाही. ठमाबाई म्हटलं की कुठूनही यायची, आणि येताना माझ्या केसांतली क्लिप ओढून न्यायची. दिया तेव्हा अकरा वर्षांची. "आय ऑलवेज वॉन्टेड अ सिस्टर, बट ओके," असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती.

मार्चमध्ये दियाची परीक्षा आली. लतिका वाटी घेऊन दाराशी उभी. दियानं हात पुढे केला, दही चाटलं, आणि लतिकाच्या कमरेवर बसलेल्या ठमीनं तिच्यासारखाच हात पुढे केला, तळवा वर करून. आम्ही सगळे हसून हसून वाकलो. लतिकानं तिच्याही हातावर दही घातलं. ठमीनं ते बोट अन् बोट चाटून साफ केलं आणि हात परत पुढे धरला. त्या दिवसापासून घराचं दार उघडलं की ठमीचा हात पुढे.

उल्हासही त्या दिवशी हसला होता. पण बूट घालताना म्हणाला, "सवय लावू नकोस, लतिका. ही आपल्याकडे राहायची नाही."

"माहितीये मला," लतिका म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

पुढच्या थंडीपर्यंत झूमध्ये काचेची एक खोली तयार झाली आणि ठमीला तिथे हलवलं. तिची देखभाल करायला सुरैय्या नावाची हैदराबादची मुलगी होती, मनापासून काम करणारी. पण ठमी शुक्रवारच्या गर्दीला घाबरायची, काचेकडे पाठ करून कोपऱ्यात तोंड खुपसायची. लोक तर पिल्लाचं तोंड बघायला आलेले. म्हणून झूच्या साहेबांनी उल्हासला विचारलं, तुमची मिसेस येईल का? अशी लतिका दर शुक्रवारी संध्याकाळी काचेच्या आत बसायला लागली. मांडीवर ठमी, हातात बाटली, बाहेर पोरंटोरं काचेवर हात आपटतायत, बाप पोरांना खांद्यावर घेऊन उभे आहेत, "यल्ला यल्ला", चला चला, चाललंय. मी एकदा गेले तेव्हा मला ते अजिबात आवडलं नाही. लतिका आत बसून काचेतून माझ्याकडे बघून हसली आणि क्षणभर मला वाटलं, आता हिला बाहेर कोण काढणार?

त्याच गर्दीत सफारीवाला यायचा. त्याला हे नाव मीच दिलं. पन्नाशीचा, राखी सफारी सूट, आपल्याकडचाच, गोड हिंदी बोलणारा. तो काचेवर हात आपटायचा नाही. बाजूला उभा राहून बघायचा. आधीच्या वर्षी तो सिंहाच्या बछड्यांसमोर असाच उभा असायचा, असं सुरैय्यानं सांगितलं. एप्रिलमध्ये ते बछडे ट्रान्सफर झाले. कुठे झाले ते पिंजरा झाडणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पाटी मात्र पुढचे कित्येक महिने रिकाम्या पिंजऱ्यावर तशीच होती.

एका शुक्रवारी लतिका बाहेर येताना तो आडवा आला. "भाभीजी, बच्ची तो एकदम घर की हो गयी है. बहुत अच्छा. ऐसी ही अच्छी लगती है लोगों को. ट्रान्सफर कब है?"

"कौन बोला ट्रान्सफर है?" लतिकानं विचारलं.

"सबका होता है, भाभीजी," तो हसत म्हणाला आणि निघून गेला.

त्या दिवशी घरी आल्यावर लतिकानं उल्हासला सरळ विचारलं, आणि उल्हासनं तिला सरळ सांगितलं. मी तिथेच होते. श्रीमंत माणसांना बंगल्यात हौसेनं जनावरं ठेवायची असतात. तीन-चार वर्षं चिंपांझी गोड असतो. त्याला फ्रॉक घालतात, पाहुण्यांना दाखवतात. मग तो मोठा होतो, माणसाचं बोट तोडू शकेल इतका. मग साखळी. ठमी माणसाळलेली, म्हणून अशांना जनावरं पुरवणाऱ्या सफारीवाल्याला हवी होती. झूत तिला ठेवायला जागा नव्हती, तिची आई तिला जवळ येऊ देत नव्हती.

"मग?" लतिका म्हणाली.

"मी युरोपातल्या एका झूला लिहितोय. त्यांच्याकडे हिच्याच वयाची पोरं आहेत, मोठा कळप आहे. ते घ्यायला तयार झाले, तर हिचं आयुष्य मार्गी लागेल. नाही झाले तर मी साहेबांना फार दिवस अडवू शकणार नाही."

इतकी वाक्यं त्याच्या तोंडून एका दमात मी त्याआधी ऐकली नव्हती. त्या संध्याकाळपासून आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. ठमी एक तर कळपात जाणार, नाही तर साखळीला. लतिका तर देवापुढे दिवा लावताना मोठ्यानं सांगायची, माझ्या पोरीला तिच्या माणसांत पोचव. 'माणसांत' हा शब्द चुकीचा आहे हे मी तिला एकदाच सांगितलं. पुन्हा सांगायचा धीर झाला नाही.

एक वर्ष त्यात गेलं. परवानगी इकडची, परवानगी तिकडची, रक्ताचे रिपोर्ट. सफारीवाला ती पूर्ण थंडी दर शुक्रवारी येत राहिला. अखेर नव्व्याण्णवच्या जानेवारीत होकार आला. फेब्रुवारीतलं विमान ठरलं. लाकडी पेटी आली, जाळीची खिडकी असलेली, आणि काचेच्या खोलीत ठेवून दिली, म्हणजे ठमीला तिची भीती वाटू नये. ठमी पेटीत जाऊन बसायची आणि आतून जाळीवर टकटक करायची. बाहेरचे लोक टाळ्या वाजवायचे.

निघायच्या आदल्या दिवशी, जेवताना, उल्हासनं लतिकाला सगळं समजावलं. सकाळी ठमीला भुलीचं इंजेक्शन द्यायचं, शेवटची तपासणी करायची, पेटीत निजवायचं आणि विमानतळ. तिला सुई टोचताना कुणाच्या तरी मांडीवर शांत बसवायला लागणार, म्हणून लतिकानं यायचं. "रात्रीपासून तिच्या पोटात काही जाता कामा नये. सुरैय्याला सांगितलंय. भुलीत पोटातलं वर येतं, आणि ते फुप्फुसात गेलं की खलास. कळलं?"

"मला काय कळत नाही का?" लतिका म्हणाली. "दूध नाही द्यायचं. केळं नाही द्यायचं. नाही देणार."

मी भांडी आत नेत होते. ओट्यावर विरजण लावलेलं पातेलं झाकून ठेवलं होतं, रोजच्यासारखंच.

सकाळी धुकं पडलं. इथल्या थंडीत असं धुकं पडतं की समोरच्या इमारतीचे दिवेही दिसत नाहीत, आणि शारजा-दुबई रस्त्यावर गाड्या एकमेकींच्या मागे रांगत जातात. उल्हास पहाटेच गेला होता. लतिकाला मी माझ्या गाडीतून सोडणार होते. ती जुनी मोरपंखी साडी नेसून आली. एरवी ती सलवार-कमीजमध्ये जायची. पर्स मांडीवर दोन्ही हातांनी सरळ धरून बसली होती. रस्त्याला एका ठिकाणी तीन गाड्या एकमेकींत घुसल्या होत्या, पोलिसांचा निळा दिवा धुक्यात फिरत होता. लतिका म्हणाली, "असल्या हवेत विमान उडेल का गं?" मी म्हटलं, "इन्शाल्ला उडेल." तिला फाटकापाशी सोडून मी जबल अलीला गेले.

त्या सकाळी काय झालं ते मला लतिकानंच सांगितलं, त्याच संध्याकाळी, आमच्या स्वयंपाकघरात, जमिनीवर बसून.

धुक्यामुळे सगळंच लांबलं. तपासणीला येणारा दुसरा डॉक्टर रस्त्यात अडकला, विमानाची वेळ पुढे गेली. उल्हास फोनवर होता. सुरैय्या पेटीत घालायचं गवत आणायला गेली. काचेच्या खोलीत लतिका आणि ठमी, दोघीच. काचेबाहेर नुसतं पांढरं. ठमी रात्रीपासून उपाशी. ती लतिकाच्या पदराचं टोक चोखत होती, मधेच कण्हत होती. लतिकानं मन घट्ट केलं होतं. दूध दिलं नाही, केळं दिलं नाही. पण पर्समध्ये दही-साखरेची डबी होती. इतक्या लांबच्या प्रवासाला पोर निघाली, तिच्या हातावर दही घातल्याशिवाय कसं पाठवायचं?

"दही म्हणजे खाणं थोडंच गं," लतिका मला म्हणाली. "उपासालासुद्धा चालतं. चमचाभर घालणार होते, शकुनाचं. मी डबी उघडली आणि तिनं हात पुढे केला. आपण करतो तसा. मी घातलं. तिनं चाटलं, आणि परत हात पुढे केला. मी नाही म्हटलं. तर तिनं माझ्या हनुवटीला हात लावला, अनुपमा. मग मी सगळं दिलं. डबी तिनं चाटून पुसून साफ केली."

थोड्या वेळानं धुकं उठलं आणि सगळे घाईनं आत आले. लतिकाच्या मांडीवरच ठमीला सुई टोचली. तिनं एकदा लतिकाकडे बघितलं आणि तिची मान जड झाली. तिला टेबलावर ठेवलं, लतिकाला बाहेर बसवलं. आतून आधी उल्हासचा आवाज आला, मग धावपळीचा, मग काहीच नाही. बऱ्याच वेळानं उल्हास बाहेर आला. तो बाहेरच्या नळावर हात धूत राहिला. मग म्हणाला, "चल, तुला घरी सोडतो."

मी ऐकत होते आणि मला लतिकाच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटत होत्या. आणि तिला पोटाशी धरून रडावंसंही वाटत होतं. मी दोन्ही केलं नाही. म्हटलं, "आत्ता जा आणि त्याला सांग."

"सांगते," ती म्हणाली आणि उठली.

पण ती सांगायच्या आधीच झूमध्ये निकाल लागून गेला होता. साहेबांनी पहिल्यांदा सुरैय्याला पकडलं, तू काय खायला घातलंस? पोरगी रडायला लागली. तिला दुसऱ्या दिवशीच हैदराबादच्या विमानात बसवलं असतं. उल्हास मध्ये पडला. म्हणाला, हिनं काही दिलेलं नाही, डोस माझ्या हातून चुकला, वजनाचा हिशोब माझा चुकला. ठमीची चिरफाड करून कारण शोधायचं का, असं विचारलं, तर तोच नको म्हणाला. कारण मीच सांगतोय ना, मग कशाला? संध्याकाळच्या आत तिला पुरून टाकलं.

हे लतिकाला कळलं आणि तिचं तोंडच मिटलं. नवऱ्याला वाटतंय त्याच्या हातून ठमी गेली. आता त्याला काय सांगायचं? आपण केलेलं त्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतलंय, तेही न कळता. मी तिला म्हणायचे, "अगं, त्याच्या मनावरचं ओझं तरी उतरेल." ती म्हणायची, "उतरेल गं. पण मग तो माझं तोंड बघेल का?" मी भांडले, अबोला धरला, परत बोलायला लागले. तिच्यापुढे हात टेकले.

महिनाभरात उल्हासनं झू सोडलं. सोडायला लावलं म्हणा. पुढे त्याला रास अल खोरला एका गोदामात काम मिळालं, कोंबड्यांचं खाद्य आणि औषधं. ज्या माणसाला जनावराच्या डोळ्यांत बघून त्याचं दुखणं कळायचं, तो आता पोती मोजून घ्यायला लागला. आधीच अबोल, आता घरात आहे की नाही कळायचं नाही. थंडी आली की शुक्रवारी संध्याकाळी, झूच्या वेळेला, गॅलरीत जाऊन उभा राहायचा. लतिका आतून त्याच्या पाठीकडे बघत बसायची. ती वाळत चालली. मी तिला डॉक्टरकडे नेलं, तिनं गोळ्या आणल्या आणि घेतल्या नाहीत.

सुरैय्या एकदा मला मार्केटमध्ये भेटली. म्हणाली, सफारीवाला अजून येतो. काचेच्या खोलीत आता चित्त्याची पिल्लं आहेत, त्यांच्यासमोर उभा असतो. ठमीबद्दल त्यानं विचारलं नाही.

आणि लतिकाच्या घरातली वाटी गेली. ते आईच्या घरचं विरजण तिनं मोरीत ओतून दिलं. दियाची पुढची परीक्षा आली तेव्हा दिया दाराशी हात पुढे करून उभी राहिली. "आई, यू फर्गॉट द दही."

"आंबट झालंय," लतिका आतूनच म्हणाली. पुढच्या परीक्षेलाही आंबट झालं होतं. मग दियानं हात पुढे करायचं सोडलं. मजल्यावरची माणसं सुट्टीवर जायची, परत यायची, लतिकाचं दार बंदच. लोक म्हणायचे, किती बदलली. मी काय सांगणार?

असं दोन हजार तीनचं वर्ष आलं. दिया बारावी झाली, पुण्याला कॉलेजात प्रवेश मिळाला. निघायचा दिवस ठरल्यापासून लतिका भिंतीला धरून चालल्यासारखी चालायला लागली. माझ्याकडे येऊन बसायची आणि चहा न घेताच उठून जायची. एकदा म्हणाली, "अनुपमा, माझ्या हातून निघालेलं माणूस पोचत नाही." मी तिला चांगलं झापलं.

निघायच्या दुपारी मी आणि विजयकुमार त्यांच्या घरी गेलो. सामान दाराशी लावलेलं. दिया पासपोर्ट परत परत उघडून बघत होती. लतिका भिंतीला टेकून उभी, दोन्ही हात पाठीमागे घेतलेले. लहान मूल हातातलं काही लपवतं तशी. तिच्या हातात काहीच नव्हतं. खाली टॅक्सीनं हॉर्न दिला.

"आई, आय हॅव टु गो," दिया म्हणाली. लतिका हलली नाही. पोरीला जवळसुद्धा घेईना.

तेवढ्यात उल्हास स्वयंपाकघरातून आला. त्याच्या हातात वाटी होती. दुकानातल्या डब्यातलं दही, वर साखर, चमचा खोचलेला. त्यानं ती लतिकासमोर धरली.

"घाल तिच्या हातावर."

लतिका भिंतीला आणखी चिकटली. "नको," ती म्हणाली. "मी नाही घालणार. तू घाल. उल्हास, मला नको सांगूस."

"लतिका," तो अगदी हळू म्हणाला, "हिला उपाशी ठेवायला कुणी सांगितलेलं नाही. घाल."

मी विजयकुमारचा दंड धरला. त्या एका वाक्यानं लतिकाच्या आतलं काहीतरी सुटलं ते मला दिसलं. ती उल्हासकडे बघत राहिली. साडेचार वर्षांत तिनं त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं. खालून पुन्हा हॉर्न वाजला. दियानं काही न समजता हात पुढे केला, तळवा वर करून. लतिकानं चमचा घेतला. अर्धं दही फरशीवर सांडलं, अर्धं हातावर पडलं. दियानं ते चाटलं आणि हसत म्हणाली, "फायनली!"

मग तिनं चिकट हात झटकला. उल्हासनं खिशातून रुमाल काढला, तिचा हात हातात घेतला आणि पुसायला लागला. आधी तळवा, मग एकेक बोट, मग बोटांच्या बेचक्या. फार वेळ पुसत होता.

"बाबा, इट्स क्लीन," दिया म्हणाली.

"साखर राहते," तो म्हणाला. त्यानं लतिकाकडे बघितलं नाही. "बेचक्यांत राहते. ठमीच्याही राहिली होती. ती गेल्यावर, साहेब आत यायच्या आधी मीच पुसली."